मुठीतला पांढरा दगड

परवा लेकीला घेऊन गडचिरोलीकडच्या जंगलात पायी फिरायला गेले, तर सागवनातल्या वळणावर ओळखीचा दगडांचा ढीग दिसला. इथून जाणारा प्रत्येक जण वाटेतला एक दगड उचलून त्यावर ठेवतो. जंगलाच्या देवाला एवढंच लागतं.

सात वर्षांची असताना बाबांसोबत मामाच्या गावी मी याच वाटेनं गेले होते. मोहफुलांचा गोड, आंबूस वास सुटला होता. ढिगातला एक पांढरा, चमकणारा दगड मला इतका आवडला, की ठेवायचा सोडून मी तोच उचलला आणि मुठीत लपवला. बाबांनी मात्र दोन दगड ठेवले.

"दोन काऊन, बाबा?"

"एक माहा. एक असाच. चाल लवकर, ऊन होऊन राह्यलं."

हा दुसरा दगड कोणाचा, हे कोडं मला कित्येक वर्षं सुटलं नाही. बाबा गेले. पांढरा दगड अजून माझ्या कपाटात आहे.

परवा लेक ढिगाजवळ वाकली आणि एक हात पाठीमागे घेऊन उभी राहिली. उंचावरून पाहिलं की लहान मुलाची मूठ किती स्पष्ट दिसते! मी वाकून दोन दगड ठेवले.

"दोन काऊन, आई?"