कुलूप त्यायचं, पाय माह्या भावाचा

परदेशी नौदलानं भर समुद्रात माह्या भावाले उचललं, हे कळल्यावर मायनं पहिले डबा भरला. आमच्या कॅम्प-1 वस्तीत तेच चालते. पोराले पोलिसांनी नेलं की घरचे डबा अन् औषध घेऊन ठाण्यात जातात. ठाणेदार शिव्या देते, पण आत पोचवते. मायनं डब्यासोबत भावाचं इन्सुलिन काढलं अन् मले विचारलं, "ठाणं कोणतं?"

काय सांगू तिले? भाऊ वेल्डर, ठेकेदारानं मालवाहू जहाजावर दुरुस्तीले पाठवला होता. कसल्याशा संशयावरून त्या लोकांनी त्याले आपल्या जहाजात नेऊन कोंडलं. ना गुन्हा सांगतला, ना घरी फोन करू दिला. सोडून दिलेल्या एका खलाशानं आमाले कळवलं, की त्याची औषधाची बॅग मालवाहू जहाजावरच राह्यली.

मी त्यायच्या वकिलातीत फोनवर फोन लावले. त्याले शुगर आहे, पायाले जखम आहे, निदान सुई तरी द्या म्हटलं. शेवटी एक साहेब गोड आवाजात म्हणाला, "ही कारवाई आमच्या देशाच्या हद्दीबाहेर झाली. तिथं आमचे कायदे लागू होत नाहीत."

माह्या डोक्यात तिडीकच गेली. मी प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन. मशीन दुरुस्तीले बंद केली की कोणी चालू करू नये म्हणून स्विचले मी माह्यं कुलूप लावतो, चावी माह्या खिशात. मशीन कोणत्या का शॉपची, म्हणजे खात्याची, असेना, आत उतरलेल्या माणसाचा जीव माह्यावर. माह्या शॉपची नाही म्हटलं तर फोरमन मले गेटाबाहेर काढते.

म्हणून विचारलं, "जहाज तुमचं, शिपाई तुमचा, कोठडीले कुलूप तुमचं. मग आतला माणूस कोणाच्या भरवशावर?" त्या हलकटानं फोन ठेवला. आपल्या सरकारचे साहेब तर नुसते "प्रयत्न करून राहिलो" म्हणत बसले.

भाऊ सुटून आला तेव्हा पाय सडला होता. गुडघ्याखालून कापावा लागला. सुई मागितली की शिपाई म्हणे, राजधानीतून हुकूम नाही. म्हणजे हुकूम समुद्र ओलांडून पोचत होते. कायदा तेवढा किनाऱ्यावर थांबला होता.

ते इन्सुलिन अजून फ्रिजात आहे. तारीख कधीच गेली. भाऊच म्हणाला, फेक आता. माय म्हणे, "कोणत्या ठाण्यात द्यायचं होतं ते कोणीतरी सांगू दे. मग फेकीन."