रखमाजीचं ‘व्हय’

माझा थोरला यंदा रेल्वेच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला आहे. हल्ली मी त्याला मुद्दाम पाठीमागून हळू हाक मारून पाहते, आणि मला रखमाजी आठवतो.

रखमाजी मूळचा कुरवंड्याचा. लोणावळ्याला विजेची इंजिनं येण्याआधी तो इंजिनांच्या शेडात होता आणि आमच्या परसामागे राहत असे. त्याचं काम बॉयलरच्या पोटात शिरून बसण्याचं. बाहेरून त्याचा जोडीदार नूरमहंमद पत्रे सांधायच्या तापलेल्या रिपिटीवर घण घाली, आतून रखमाजी तिला जड लोखंड टेकवून धरी. आवाजाला बाहेर जायला वाटच नसे. दोघांचं बोलणं ठोक्यांचं: एक ठोका म्हणजे मार, दोन म्हणजे थांब.

त्याचे कान गेले, पण तो बाहेर कुणाला सांगेना. मुलगी सरू लग्नाची होती, आणि बहिऱ्याची लेक केली तर नातवंडं बहिरी निपजतात, असं लोक म्हणत. मग समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की तो ‘व्हय’ म्हणे. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागे. त्याची बायको झुंबरबाई म्हणायची, उद्या कुणी मेलात का विचारलं तरी व्हयच म्हणाल.

सरूला बघायला लोहगडवाडीचे अंबाजी, मुलाचे वडील, आले. मी आत झुंबरबाईपाशी होते. तिनं नूरमहंमदला रखमाजीला खेटून बसवलं होतं. ‘न्हाई’ म्हणायची वेळ आली की त्यानं कोपर मारायचं. पण नूरमहंमदचा स्वतःचा डावा कान अधू, आणि अंबाजी नेमके त्याच्या डावीकडे बसले. गाव, गोत, शेती यांवर ‘व्हय’ चालून गेलं. मग अंबाजींनी रीतीचा प्रश्न विचारला.

“पोरीत काही खोट हाय का?”

“व्हय, व्हय,” रखमाजी हसून म्हणाला.

कोपर काही हललं नाही. अंबाजींनी पागोटं सारखं केलं आणि उठायला हात टेकला. रखमाजी तसाच हसत होता.

सरू दाराशी पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होती. तिनं त्या खाली ठेवल्या, पाट उचलला आणि जमिनीवर दोनदा आपटला.

रखमाजीचं हसू तिथंच थांबलं. त्यानं सगळ्यांचे चेहरे पाहिले. झुंबरबाईनं बाहेर जाऊन त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि काय विचारलं होतं ते सांगितलं.

“कान गेल्यात माजं,” तो म्हणाला. “म्या लपवलं. पोरीत खोट न्हाई.”

अंबाजी आवाज चढवून म्हणाले, आज बापाचे कान, उद्या नातवाचे.

हे मात्र नूरमहंमदला ऐकू आलं. “आबा, माझा बी एक गेलाय. रक्तातलं असतं, तर आमी दोघं एका आईचे निघालो असतो की.”

अंबाजींनी रखमाजीकडे पाहिलं, मग नूरमहंमदच्या दाढीकडे. आधी मिश्या हलल्या, मग ते खो खो हसले. पाट ओढून ते रखमाजीच्या कानाशी आले आणि गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला.

रखमाजीनं सरूकडे पाहिलं. तिनं जमिनीवर एकच ठोका दिला.

“न्हाई,” तो म्हणाला.