तार तुटल्यावर आलेला आवाज

भूतबित मी मानत नाही. घरात कोणी घाबरलं की सगळ्यात मोठ्याने मीच हसायचो. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण लाजेपेक्षा राग जास्त आहे, म्हणून लिहितोय.

आम्ही वर्ध्याला लागून सिंदी मेघेत राहतो. बाबा पूर्वी पुलगावला रेडिओ, लाऊडस्पीकर दुरुस्त करायचे. दिवाळीत त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं पार बंद. पडल्या पडल्या त्यांना लांबलांबची स्टेशनं ऐकता यावीत म्हणून मी एक उद्योग केला. बोटाएवढा रिसीव्हर कॉम्प्युटरला लावायचा, स्टेशन पकडायचं काम सॉफ्टवेअर करतं – एसडीआर म्हणतात त्याला. छतावर अँटेनाची तार. पकडलेला आवाज इंटरनेटवरून क्लाऊडवर जातो, तिथे त्याच्या फाइली साठतात, आणि त्या मोबाइलवर ऐकता येतात. पासवर्ड मी सारखा विसरायचो.

"चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधता," बायको म्हणाली, "अन् म्हणे क्लाऊड चालवून राह्यले!"

पण चाललं. बाबा खूश दिसायचे.

मार्चमध्ये धाकटा भाऊ नागपूरहून आला, तो बाबांना घेऊन जायचं ठरवूनच. मला विचारलं नाही. बाबांना विचारायचा तर प्रश्नच नव्हता – ते कुठे बोलतात! जोरदार भांडण झालं. त्याच दिवशी वांदरांनी छतावरची तार तोडली. मी वैतागून रिसीव्हर काढला आणि फडक्यात बांधून कपाटात टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, मोबाइल वाजला. क्लाऊडवर नवी फाइल.

लावली. आधी नुसती खरखर. मग – "वर्धा... दहेगाव... कवठा... पुलगाव..."

माईक तपासताना बाकीचे मेकॅनिक 'हॅलो, हॅलो' करायचे, बाबा रेल्वेची स्टेशनं म्हणायचे. आवाज त्यांचाच. जरा थांबून तो म्हणाला, "मले नागपूरले नाई जाचं. इथंच राहू द्या."

बाबा माझ्यासमोर पलंगावर घोरत होते.

भावाला ऐकवलं. तो उसळलाच. "दादा, हद्द केली तू! आजकाल कॉम्प्युटरवर कोणाचाबी आवाज बनते."

"मले पासवर्ड आठवत नाई, मी आवाज बनवीन?"

"मंग कोणं बनवला? वहिनीनं?"

"मले काऊन मधात घेता भाऊजी?" बायको आतून ओरडली. "यायले साधी रिंगटोन बदलता येत नाई!"

आयुष्यात पहिल्यांदा माझा अडाणीपणा माझ्या बाजूने साक्ष द्यायला उभा होता, आणि कोणी तो ऐकून घेईना.

बाबा जागे झाल्यावर मी फाइल त्यांच्या कानाशी लावली. ते ऐकत राहिले. मग डावा हात उचलून त्यांनी हवेतच दोन बोटांनी बटण फिरवलं – उजवीकडे. उजवीकडे म्हणजे आवाज वाढवा. हयात गेली त्यांची ते बटण फिरवण्यात!

"पाह्य," भाऊ म्हणाला, "बंद कर म्हणून राह्यले."

रविवारी त्याने त्यांना नेलं.

क्लाऊडवाल्यांना मी मेल केला. उत्तर आलं, फाइल तुमच्याच रिसीव्हरवरून आली आहे. कपाट उघडून पाहिलं – फडक्याची गाठ मी मारली तशीच. या विषयातल्या जाणकारांना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. मला तर नाहीच. तार मी पुन्हा जोडलीये, रिसीव्हरही लावलाय. स्टेशनं येतात, गाणी येतात, खरखर येते. तो आवाज पुन्हा आला नाही.

रोज नागपूरला फोन करतो. भाऊ म्हणतो, "बाबा मजेत हायेत."

"त्यायनं सांगितलं का तुले?" एवढंच विचारतो, आणि फोन आपटतो.