गाजर, मामा आणि ‘अ’

मनुष्याच्या दुःखाचं मूळ शोधायला कुणी राजवाडा सोडला, कुणी हिमालय गाठला. माझ्या बायकोच्या मामांना ते नाशिक रोडच्या भाजीबाजारात, गाजरांच्या ढिगात सापडलं.

मामा निवृत्त मराठी शिक्षक. निवृत्ती फक्त पगारातून झाली, संतापातून नाही. दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ, लग्नपत्रिकांतली विशेषणं, रिक्षांमागची सुभाषितं या सगळ्यांवर ते रोज ताज्या दमानं चिडतात. अशात त्यांनी कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत वाचलं की ध्रुवावर गेलेल्या काही लोकांनी अस्वलाचं यकृत खाल्लं, त्यातून भलतंच अ जीवनसत्त्व पोटात गेलं आणि माणसं आजारी पडून एकमेकांवर खेकसू लागली. झालं! नाशकात अस्वलं मिळत नसल्यामुळे मामांचा मोर्चा गाजरांकडे वळला.

“अहो, नावातच कबुली आहे,” ते मला म्हणाले. “अज्ञान म्हणजे ज्ञान नाही. अनीती म्हणजे नीती नाही. मग अ-जीवनसत्त्व म्हणजे काय? जीवनाचं सत्त्व नाही!”

“मग मामा, ब जीवनसत्त्व?”

“विषय बदलू नका, जावईबापू.”

बाजारात तर ते गिऱ्हाइकांना अडवून गाजरांची नालस्ती करत. शेवटी भाजीवाली मावशी वैतागून म्हणाली, “बाबा, गाजर हाय ते. त्यानं काय घोडं मारलंय तुमचं? घ्यायचं नसंल तर पुढं व्हा.”

त्यांना पुरून उरणारं घरात एकच माणूस होतं. त्यांच्याजवळ राहून इंजिनियरिंग करणारी नात, सई. ती म्हणायची, “आजोबा, ‘ते’ गाजर. नपुंसकलिंगी. ते कुणाचं काय बिघडवणार?” मग मामा तासभर गरजायचे आणि त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खायचे.

पुढे सईच्या चेहऱ्यावर मुरूम उठले. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. चेहरा निवळला, आणि महिन्या-दोन महिन्यांत सईही निवळली. मामांनी जेवताना मुद्दाम गाजरांवर हल्ला चढवला, तर ती शांतपणे म्हणाली, “तुमचं बरोबर आहे, आजोबा.”

मामांचा घास हातातच राहिला. त्या घरात आजवर त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

बाकी सगळे खूश होते. मामी म्हणाल्या, “शहाणी झाली हो पोरगी. किती शांत बसते!” सईच्या आईचा फोनवरून तोच सूर. मामा मात्र पेटले. “शांत? ती बोलते त्यात ‘पण’ राहिलेलं नाही! उभयान्वयी अव्यय गळून पडलंय आणि तुम्ही पेढे वाटा!” मग मला फोन. “जावईबापू, गाडी काढा.”

सईला घेऊन आम्ही त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दवाखान्यात मामांनी ‘अ’पासून सुरुवात केली. बाईंनी ते ऐकून घेतलं, हे त्यांच्या व्यवसायाचं भूषण. मग म्हणाल्या, “आजोबा, गाजर निर्दोष आहे. शरीर त्यातून लागेल तेवढंच अ जीवनसत्त्व बनवतं. ही गोळी मात्र त्याच घराण्यातली, आणि औषध म्हणून दिलेली. ताणाच्या वेळी शरीर जी संप्रेरकं सोडतं, त्या व्यवस्थेत हे घराणं ढवळाढवळ करू शकतं, असं काही संशोधकांना वाटतं. सिद्ध झालेलं नाही. मुरुमांनीही माणूस खचतोच. म्हणून तर मी सुरुवातीलाच म्हटलं होतं, मन उतरलं तर लगेच सांग.” त्या सईकडे वळल्या. “सांगितलं का नाहीस गं?”

सई ओढणीचं टोक पिळू लागली. “सकाळी उठावंसंच वाटत नाही. रडू येतं, कशाचं ते कळत नाही. सांगणार होते. पण सगळे म्हणत होते, किती समजूतदार झालीस.”

मामांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि चष्मा पुसायला काढला. चष्मा स्वच्छच होता.

बाईंनी गोळी थांबवली, मनाच्या डॉक्टरांचं नाव दिलं. “गोळीमुळेच झालं, असं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. सई त्या डॉक्टरांकडे जाऊ लागली. मामा दर वेळी सोबत जात आणि बाहेर बाकावर, भिंतीवरच्या सूचनेतल्या चुका मोजत, तिची वाट पाहत.

हळूहळू ती सावरली. गोळी थांबल्यामुळे, त्या डॉक्टरांमुळे, की कुणीतरी विचारल्यामुळे, हे डॉक्टरांनाही ठाम सांगता येत नाही. मामांना येतं. येईल त्या पाहुण्याला ते हा आपल्या सिद्धांताचा विजय म्हणून ऐकवतात. परवा मी बसलेलो असताना सई आतून ओरडली, “साफ चूक, आजोबा! डॉक्टर असं म्हणाल्याच नव्हत्या!” मामा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. पाठमोऱ्या माणसाचा आनंद ओळखता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सईच्या हनुवटीवर मुरूम परत आले आहेत.