बिल्ले आणि बरणी

लग्न होऊन मी कर्जतजवळच्या माहेरून खोपोलीत आले, तेव्हा आमच्या लॉजसमोर रस्त्यापलीकडे दुसरा लॉज नुकताच उभा राहिला होता. आमचा लॉज म्हणजे खाली खानावळ, वर पाच-सहा खोल्या आणि मागे विहीर. मामंजींनी भाताची जमीन भावांच्या हवाली करून घाटाखालच्या रस्त्यावर हा धंदा मांडला होता. उतरणारे बहुतेक फिरते विक्रेते. कुणी औषधांचा, कुणी वह्या-पेन्सिलींचा, कुणी बॅटरीच्या सेलचा. खालापूर, चौक, कर्जत अशी दुकानं पालथी घालायची आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन पाठ टेकायची, असा त्यांचा क्रम.

जेवायला बसले की त्यांचा एकच विषय. कुठल्या गावच्या लॉजात नेहमीच्या गिऱ्हाइकाला काय जास्तीचं मिळतं! पनवेलला सकाळचा चहा फुकट. लोणावळ्याचा मालक निघताना चिक्कीचा पुडा हातात देतो. पुण्यात एका ठिकाणी दाढी फुकट, पण तो न्हावी डोळे मिटून वस्तरा चालवतो, असं एकजण गालावरची जखम दाखवून सांगायचा. पेणला गाद्या झकास, ढेकूणही झकास. भाकरी वाढता वाढता मला हसू आवरायचं नाही. बायकापोरं घरी टाकून महिन्यातला निम्मा काळ परक्या गादीवर काढणारी ही बाप्ये मंडळी चिक्कीच्या पुड्यावरून भांडायची. पुढे पुढे मला त्यातलं कळायला लागलं. दुसऱ्यांदा गेल्यावर दारातल्या माणसानं ओळखीचं हसावं, एवढीच त्यांची भूक होती आणि ती बिचारी चिक्कीवर भागवत होती.

समोरच्यानं सगळ्यांवर कडी केली. त्यानं पितळेचे बिल्ले पाडून घेतले. एका मुक्कामाला एक बिल्ला. बारा जमले की वरच्या गॅलरीच्या खोलीत एक मुक्काम फुकट, तोही जोडीनं. गॅलरीच्या खोलीला आतच न्हाणीघर होतं, भिंतीला आरसा होता आणि खिडकीतून अख्खा घाट दिसायचा. आमचे हे म्हणाले, "आपणही काहीतरी सुरू करू." मामंजी ताडकन म्हणाले, "बिल्ला हमालाच्या दंडाला नायतर कुत्र्याच्या गळ्यात. पाव्हण्याला बिल्ला देतोस का रं?" झालं, विषय संपला.

तसं आमच्याकडेही जास्तीचं काही नव्हतं असं नाही. फक्त ते कुणी पाटीवर लिहिलं नव्हतं. औषधवाल्याला पोटाचा त्रास, त्याच्या आमटीत मिरची कमी. वहीवाल्याला खिडकीजवळची खाट. एकाला झोपताना उशाला तांब्या लागायचा, एकाला चपातीऐवजी भाकरीच लागायची. हे सगळं आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, ध्यानात असे. माणूस दारात दिसला की त्या त्याच्या ओळखीच्या वस्तू काढायला लागत. त्याच्याशी बोलत मात्र बेताचंच. वाढायच्या आणि चुलीकडे वळायच्या. गिऱ्हाइकासमोर त्या कधी बसल्या नाहीत.

त्यांच्याशीही कुणी बोलत नसे, हे मला तिथं नांदायला लागल्यावर महिन्याभरातच दिसलं. रस्त्याकडेच्या लॉजात परक्या पुरुषांना रांधून वाढणारी बाई म्हटल्यावर गावातल्या बायका काय बोलत असतील ते सांगायला नको. वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर आम्ही दोघी चादरी धुवायला जायचो, तेव्हा आधी चाललेली बडबड एकदम बंद पडायची. चैत्रात, संक्रांतीला घराघरांत हळदीकुंकू व्हायचं. आत्याबाई लुगडं बदलून, कपाळ नीट करून बसायच्या आणि बोलावणं यायचं नाही. अंधार पडला की त्या पुन्हा कामाचं लुगडं नेसायच्या. माहेरी त्यांना कुणी उरलं नव्हतं. मला त्या बायकांचा इतका राग यायचा की धुण्याच्या दगडावर मी चादर नाही, एकेकीला आपटत होते.

आमच्या गिऱ्हाइकांत एक साबणवाला होता. मुंबईचा, मधाळ बोलणारा, चाळिशीच्या आसपासचा. आत्याबाईंना तो वहिनी म्हणायचा आणि त्या त्याला भावजी. एकदा आंब्याचं लोणचं चाटूनपुसून खात तो म्हणाला, "वहिनी, आमच्या हिला असं नाही हो जमत." झालं. दुसऱ्या दिवशी निघताना आत्याबाईंनी चिनी मातीची एक लहान बरणी भरून, वर फडकं बांधून त्याच्या हातात दिली. "तुमच्या मंडळीला द्या. नि बरनी तेवढी परत आना."

पुढच्या खेपेला बरणी परत आली. झाकण उघडलं तर आत खडीसाखर. आता, कुणाचं भांडं रिकामं परत करू नये हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकायची. पण मुंबईच्या त्या न पाहिलेल्या बाईनं एवढं पाळलं याचं आत्याबाईंना कोण कौतुक वाटलं! "हिनंच घातलीय," साबणवाला म्हणाला. "म्हणाली, वहिनींना माझा नमस्कार सांगा." आत्याबाईंनी खडीसाखरेचा एक खडा मला दिला, एक स्वतः तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "बाई जानती हाय गं."

मग ते चालूच राहिलं, आणि साबणवाल्याच्या ताटात एक मासा जास्तीचा पडायला लागला. इकडून लोणचं जायचं, कधी सुकट, कधी पोह्याचे पापड. तिकडून बरणीतून कधी सुपारी यायची, कधी वेलदोडे, एकदा तर हिरव्या काचेच्या बांगड्या आल्या. बरोबर निरोपही यायचे. आत्याबाईंचे गुडघे दुखतात म्हटल्यावर तिचेही दुखतात असं कळलं. तिलाही सासरी फारसं कुणी बोलायला नाही, असंही कळलं. आत्याबाईंनी गुडघ्यांसाठी निरगुडीचं तेल कढवून पाठवलं. पुढच्या खेपेला निरोप आला, "बहिणीनं केलं नसतं एवढं केलंत." तो ऐकून त्या चुलीशी तोंड फिरवून उभ्या राहिल्या आणि धुराच्या नावावर डोळे पुसत राहिल्या. घरात त्या तिला 'माझी मैतरीन' म्हणायला लागल्या. "मैतरनीला या वर्साची लसून चटनी धाडायची हाय," असं. मामंजी थट्टा करायचे, "नाव तरी ठावं हाय का मैतरनीचं?" नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. पण आत्याबाई आता पहिल्यासारख्या गप्प नसत. संक्रांतीला त्यांनी बोलावण्याची वाट बघणंसुद्धा सोडलं.

पुढे साबणवाल्याच्या खेपा कमी झाल्या. कंपनीनं भाग वाढवून दिलाय, तिकडच्या गावांतच मुक्काम पडतो, असं तो म्हणाला. आमची आणखीही काही गिऱ्हाइकं अशीच विरळ होत चालली होती. रस्ता ओलांडून ती कुठं जात होती ते आम्हाला दिसत होतं. साबणवाल्यावर मात्र कुणी संशय घेतला नाही. आत्याबाई असताना कुणाची ती छाती होती?

एका सकाळी त्या दारात सडा घालत होत्या. मी मागून रांगोळीचा डबा घेऊन आले तर बादली तशीच हातात धरून त्या वर बघत होत्या. समोरच्या गॅलरीत साबणवाला बनियनवर उभा होता. शेजारी एक सडसडीत बाई ओले केस झाडत होती. घाटातल्या ट्रककडे बोट दाखवून तो तिला काहीतरी सांगत होता आणि ती हसत होती. आमच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

बारा बिल्ले झाले होते तर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं आमचं मीठ खाल्लं, आणि बायकोला आणलं ते समोरच्याकडे? मी तसं बोलूनही दाखवलं. आत्याबाईंनी मलाच गप्प केलं. "फुकट मिळालं आसंल. गरीब मानूस, बायकोला एवडी हौस दाखवली त्यानं. आपल्या खोल्यांत काय हाय दाखवायला?" आणि मग चेहरा असा उजळला की तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. "सुनबाई, ती आली गं. माझी मैतरीन आली."

त्यांनी ट्रंकेतून नवं खणाचं कापड काढलं, नारळ घेतला, सुपात तांदूळ, हळद, कुंकू घेतलं. हातात त्याच हिरव्या बांगड्या होत्या. त्या लॉजची पायरी चढायची नाही अशी मामंजींची सक्त ताकीद होती. ते भावाकडे गेले होते म्हणून निभावलं. मला बरोबर घेऊन आत्याबाईंनी रस्ता ओलांडला. गुडघ्यांवर हात ठेवत त्या जिना चढल्या. साबणवाला खाली एस.टी.ची चौकशी करायला गेला होता, असं नंतर कळलं. दार त्या बाईनंच उघडलं.

"वळखलं का?" आत्याबाईंनी हसत विचारलं.

"नाही हो. आपण?"

"मी लोनच्यावाली. बरनीतलं लोनचं."

"अय्या, ते लोणचं!" बाई खरंच खूश झाली. "हे इथल्या बाजारातून आणतात ते? तुमचं दुकान आहे होय? छान असतं हो. मीठ तेवढं जरा चढं असतं."

आत्याबाई हसतच होत्या, पण ते हसू आता चेहऱ्यावर नुसतंच राहून गेलं होतं. "गुडघं कसं हायत तुमचं?" त्यांनी विचारलं.

"माझे?" बाईनं नवलानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "माझ्या गुडघ्यांना काय झालंय?"

मला सगळं एका क्षणात कळलं. ती पहिली बरणी बायकोनं रिकामीच ठेवली असेल, किंवा त्यानंच कुठं विसरून आयत्या वेळी धुऊन आणली असेल. रिकामी द्यायची लाज वाटली म्हणून वाटेत खडीसाखर विकत घेतली. त्या खडीसाखरेवर आत्याबाईंचा चेहरा फुललेला त्यानं पाहिला, आणि पुढं ताटात पडणारा जास्तीचा मासाही पाहिला. बिल्ले फक्त समोरचा मालकच वाटत होता असं नाही. मी तोंड उघडलं तोच आत्याबाईंनी माझा हात इतका घट्ट दाबला की मला ओरडावंसं वाटलं.

"बसा ना," बाई म्हणाली. भली बाई होती, तिच्यावर रागवायला मला काही सापडेना. आत्याबाईंनी तिला पूर्वेकडे तोंड करून बसवलं, हळदकुंकू लावलं आणि ओटी भरली. "माझी ओटी कशाला?" तिनं विचारलं. "पयल्यांदा आलात ना आमच्या गावात," आत्याबाई म्हणाल्या. तांदूळ घालताना त्यांचे हात बाईच्या समोर आले, तेव्हा ती म्हणाली, "बांगड्या किती सुरेख आहेत. कुठं घेतल्या?"

"मैतरनीनं दिल्या," आत्याबाई म्हणाल्या.

बाई वाकून पाया पडली. आम्ही खाली उतरलो. रस्ता ओलांडताना समोरून ट्रक येत होता तरी त्या थांबल्या नाहीत, मी ओढून धरलं म्हणून वाचल्या. घरी आल्यावर फक्त एवढंच म्हणाल्या, "कोनाला बोलू नको." त्यानंतर पुन्हा तोच तो अबोला सुरू झाला. पूर्वी त्या गप्प असायच्या तेव्हा निदान कान टवकारलेले असायचे. आता दारात कोण आलं इकडेही त्यांचं ध्यान नसे. वहीवाल्याची खाट दुसऱ्याला दिली गेली, औषधवाल्याच्या आमटीत मिरची पडली. तीही माणसं मग रस्त्यापलीकडे गेली. मामंजी खापर बिल्ल्यांवर फोडत राहिले. मी रोज मनात साबणवाल्याला शिव्या घालत होते. पुन्हा आला की त्याला दारातूनच हाकलायचा, शब्द न् शब्द मी ठरवून ठेवला होता.

तो आला तेव्हा पावसाळा संपून कापणी सुरू झाली होती. ऐन दुपारी आला. हातात काही नव्हतं. बायकोनं त्याला ओटीचं सांगितलं असणारच. तो दारातच चप्पल काढून घुटमळला, आत आला आणि कोपऱ्यातल्या पाटावर मान खाली घालून बसला. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ठरवलेले शब्द गिळले. त्यांनी त्याचं ताट वाढलं. आधी वाढायच्या तसंच सगळं, लोणच्याची फोडसुद्धा. तो जेवेना. भाताला नुसती बोटं लावत राहिला.

"वहिनी," तो शेवटी म्हणाला, "माझं चुकलं. मला तुमच्याकडे तोंड दाखवायला जागा..."

"मैतरीन काय म्हनते माझी?" आत्याबाईंनी विचारलं.

तो वर बघत राहिला. त्याला वाटलं असेल, त्या टोमणा मारताहेत. मलाही तेच वाटलं. पण त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

"बरी आहे," तो अडखळत म्हणाला.

"गुडघं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खाली ताटाकडे. "दुखतात," तो म्हणाला. "तुमच्या तेलानं उतार पडतो म्हणाली."

"नि?"

"वहिनी, नका हो. तुम्हाला सगळं ठाऊक आहे."

आत्याबाईंनी भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू, त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"सांगा ना, भावजी," त्या म्हणाल्या. "मला दुसरं कोन हाय?"