अर्ध्यावर सोडलेली ओळ

आधी माफी मागतो. गाण्यातलं मला कळत नाही, आणि ज्या देवाची ही गाणी होती त्या देवाच्या माणसांतला मी नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे लिहिण्याचाही सराव नाही. हे नीट सांगू शकतील असे पुष्कळजण त्या संध्याकाळी जळगावात हजर होते. पण त्यांच्यातलं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मी लिहितो. चुकलं तर समजून घ्यावं.

मी यावलकडचा. आईवडील केळीच्या बागांत मजुरीला जातात. धुळ्याच्या होस्टेलात माझ्या खोलीत जो मुलगा आला तो साक्रीकडचा, ख्रिस्ती घरातला. पहिलं वर्षभर मी बोललो तो बहुतेक त्याच्याशीच. वर्गात प्रश्न विचारायचा म्हटलं की माझी जीभ जड व्हायची. खोलीवर आल्यावर तोच प्रश्न मी त्याला विचारायचो. त्यालाही उत्तर यायचं नाही, मग आम्ही दोघं हसायचो. सकाळी बादली घेऊन रांगेत उभा राहिला की तो गुणगुणायचा. शब्द अहिराणी, देव येशू, आणि चाली हळदीला बायका म्हणतात तशा.

त्याच्या गावाकडच्या मुलांचा बँड होता. ढोलक, पेटी, टाळ, एक गिटार आणि पावरी. पावरी म्हणजे डोंगरातल्या लोकांचं फुंकून वाजवायचं लांब वाद्य. गाणारा हाच.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर त्याचा आवाज बसला तो सुटेना. नाशिकच्या डॉक्टरांनी घशात गाठ असल्याचं सांगितलं. ऑपरेशन करावं लागणार होतं, आणि आवाज पहिल्यासारखा राहील की नाही हे नंतरच कळणार होतं. जळगावचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता. तेवढा गातो आणि मग जातो, असं तो म्हणाला. मी त्याला नको म्हणालो नाही. नको म्हणण्याइतका मी त्याचा कोण, हे मला ठरवता आलं नाही.

बँडच्या टेम्पोत जागा नव्हती. मी धुळ्याहून एसटीने एकटाच गेलो. एका शाळेच्या मैदानात मंडप घातला होता, खाली सतरंज्या. सगळे घरच्या घर आलेले, एकमेकांना ओळखणारे. एका काकांनी माझा हात हातात घेऊन 'जय ख्रिस्त' म्हटलं. मी सवयीने रामराम म्हणालो. त्यांनीही रामराम केला आणि ते पुढे गेले. मी कडेला, एका म्हाताऱ्या अक्कांच्या शेजारी जागा धरली.

ढोलकची पहिली थाप छातीत लागली. मागून पावरी आली, आणि बसलेल्या बायका पदर डोक्यावर सावरून उभ्या राहिल्या. सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवत होतो, पण माझी टाळी दरवेळी जरा मागे पडत होती. त्याचा आवाज काठाला फाटलेल्या कापडासारखा येत होता. प्रत्येक उंच ओळीला मी श्वास धरून बसायचो. ती पार पडली की सोडायचो. भोवतीचे लोक डोळे मिटून डोलत होते. एवढ्या माणसांत त्याच्या घशाकडे बघत बसलेला मी एकटाच असेन.

मग एका संथ गाण्यात, ओळ अर्ध्यावर असताना, त्याचा आवाज थांबला.

आमच्या गावी मारुतीच्या पारावर भजन होतं. माझे वडील तिथे टाळ धरतात. त्या मंडळीचा नियम असा, की पुढच्याचा आवाज तुटला तर मागच्याने ओळ झेलायची, ती खाली पडू द्यायची नाही. हे लहानपणापासून अंगात बसलेलं. मी उठलो आणि होस्टेलात रोज ऐकून पाठ झालेली ती ओळ उचलली. भजनात उचलतात तशी, मोकळ्या गळ्याने.

ओळ संपता संपता लक्षात आलं, की ढोलकही थांबली आहे. सगळ्यांच्या माना खाली आहेत. मैदानात फक्त माझा आवाज आहे.

शेजारच्या अक्कांनी माझा शर्ट ओढला. "खाले बस, भाऊ. आते प्रार्थना शे. मनमाच कर."

ते गाणं ते नेहमी असंच म्हणतात, हे मला नंतर समजलं. ओळ मुद्दाम अर्धी सोडायची, ज्याने त्याने आपलं मागणं मनात मागायचं, आणि मग पावरीने ती ओळ पुरी करायची. त्याला हे इतकं रोजचं, की मला सांगायला हवं असं त्याला कधी वाटलं नसेल. मी खाली बसलो. कुणाकडे मागायचं ते मला कळेना. काय मागायचं ते मात्र माहीत होतं.

कार्यक्रम संपल्यावर त्याच्याभोवती त्याची माणसं होती. सामान टेम्पोत चढत असताना तो माझ्याजवळ आला आणि कुजबुजला, "तुले वाटनं, मना आवाज गया?"

"हाव."

"बठ्ठा लोक बसेल व्हतात. तू एकलाच ऊठना, भो." तो हसला. मग त्याला कुणी हाक मारली.

तिथूनच तो नाशिकला गेला. ऑपरेशननंतर बरेच दिवस एक अक्षरही बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, हे त्याने आधीच सांगितलं होतं. ज्याला बोलायचं नाही त्याला फोन तरी कसा करायचा? मी मेसेज टाकले. ते पोचलेच नाहीत. मेसमध्ये मुलं विचारायची, काय भो, तूही बाप्तिस्मा घेतला का. मी ताटात बघून जेवायचो. एखादा रविवार असा जायचा, की संध्याकाळी आईचा फोन आल्यावरच माझा स्वतःचा आवाज मला ऐकू यायचा. आई म्हणायची, घसा बसला का रे तुझा? मी म्हणायचो, नाही, झोपलो होतो.

परीक्षेच्या तोंडावर एका दुपारी त्याची मोठी बहीण आणि मामा होस्टेलवर आले. मामा खाली ऑफिसात गेले. बहीण खोलीत आली आणि त्याच्या खाटेवरची गादी गुंडाळू लागली. तिने गादीची दोरी आवळली आणि माझ्याकडे पाहून स्वतःच सांगितलं.

"आवाज परत उना, भाऊ, त्याना. पहिलासारखाच शे. पन तो आते आठे होस्टेलमा येवाव नही. साक्रीनाच कॉलेजमा नाव टाकं."