आमदारांचा राहता पत्ता

समोरच्या दारातून चार वर्षांत एकदाही कचऱ्याची पिशवी बाहेर आलेली दिसली नाही, तर त्या घरात कोणी राहते असे तुम्ही मानाल का?

मी मानले. निदान पहिले वर्षभर तरी मानले. पण संशयाचे किस्से एकेकटे येत नाहीत; एक सांगायला बसावे, तर मागून दुसरा हजर होतो. शशिकांत देवस्थळी यांचा विषय निघाला, की आम्हा निवृत्त मंडळींचे असेच होते.

शशिकांतराव न्यू जर्सीच्या विधानसभेतले आमचे आमदार. मूळचे एका हॉस्पिटलच्या लॅबमधले टेक्निशियन आणि तिथल्या कामगार युनियनचे पुढारी. संपात सहा आठवडे बर्फात फलक धरून उभे राहिले, त्या पुण्याईवर निवडून आले. इथला नियम सरळ आहे: आमदाराने आपल्या मतदारसंघातच राहिले पाहिजे, नाहीतर जागा जाते. म्हणून त्यांनी माझ्या समोरचा फ्लॅट घेतला. मतदारसंघाबाहेरचे, वेस्ट विंडसरचे मोठे घर भाड्याने दिले, असे सांगितले.

*

पहिल्या निवडणुकीत मराठी मंडळाने हौसेने त्यांची पत्रके छापून आणली. युनियनच्या कामगारांनी छापले, की इथे पत्रकाच्या कोपऱ्यात एक बारीक खूण असते. त्यांनी एक पत्रक उलटसुलट पाहिले आणि खोका तसाच परत केला.

"काका, युनियनच्या छापखान्याची खूण कुठे आहे?"

"मजकूर तर बरोबर आहे!"

"खुणेशिवाय पत्रक म्हणजे मूर्तीशिवाय मखर! कामगारांशी खोटेपणा नको."

मी भारावून गेलो. आज वाटते, खुणा जपण्यातच ते तरबेज होते.

*

एकदा रात्रभर बर्फ पडून पहाटे थांबला. सकाळी आम्ही प्रचारासाठी खाली जमलो. त्यांच्या पार्किंगच्या जागेवर बर्फाचा थर अखंड. चाकाची खूण नाही. इतक्यात शशिकांतराव हमरस्त्याकडून गाडी घेऊन आले.

"मीटिंगला गेलो होतो, काका!"

"बर्फ पडायच्या आधी निघालात?"

"हो ना!"

"म्हणजे मीटिंग काल संध्याकाळपासून चालू होती?"

"यार काका, तुम्ही इंजिनिअर होतात की पोलीस?"

सगळे हसले. मी हसलो नाही.

*

त्या फ्लॅटमध्ये त्यांनी सत्यनारायण घातला. त्यांच्या पत्नी नीलिमाताई देवापुढे दिवा लावल्याशिवाय चहा घेत नाहीत, हे साऱ्या मंडळाला ठाऊक. आरतीच्या वेळी मात्र त्यांनी काडेपेटीसाठी तीन ड्रॉवर उघडले. तिसऱ्यात चमचे होते, दुकानाच्या लेबलांसकट! देवघरातल्या समईला काजळीचा डाग नव्हता.

घरी परतताच माझी पत्नी मालती म्हणाली, "अहो, स्वतःच्या स्वयंपाकघरात ती पाहुणी होती!"

प्रसाद हातात होता, म्हणून मी गप्प राहिलो. ती माझी चूक.

*

पुढे विरोधकांनी कोर्टात तक्रार केली, की आमदार मतदारसंघात राहतच नाहीत. शशिकांतराव एक कागद घेऊन माझ्याकडे आले. 'देवस्थळी कुटुंब समोर राहते, हे मी रोज पाहतो', असे त्यावर टाइप केलेले होते.

"एक सही फक्त, काका. तुमचा शब्द सगळे मानतात."

"म्हणूनच तो जपून वापरतो. रोज कुठे पाहतो मी तुम्हाला?"

"हॉस्पिटलच्या सफाई कामगारांच्या रजेचा कायदा माझ्या एका मतावर अडकला आहे. माझी जागा गेली, तर तो पडेल. ते पाप कोणाच्या माथी?"

त्या प्रश्नाने मी हललो, हे कबूल करतो. पेन हातात घेतले होते. मग समोरच्या बंद दाराकडे नजर गेली.

"ज्याने घर खोटे सांगितले, त्याच्या माथी," मी म्हणालो, आणि पेनाला टोपण लावले.

*

सुनावणीला मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. शशिकांतराव शपथेवर बोलत होते. विरोधी वकिलाने सहज विचारले, "समोरच्या शेजाऱ्यांचा काही त्रास?"

शशिकांतरावांनी माझ्याकडे पाहून गोड स्मित केले. "मुळीच नाही! देवमाणूस. चार वर्षांत त्यांच्या घरातून कधी आवाजसुद्धा ऐकला नाही!"

वकिलाने तीन कागद न्यायाधीशांपुढे ठेवले. इमारतीच्या मॅनेजमेंटने मला पाठवलेल्या नोटिसांच्या, तिथूनच मागवलेल्या प्रती होत्या त्या. मी रोज पहाटे साडेपाचला पूजेत शंख वाजवतो. दोन मजल्यांवरच्या भाडेकरूंनी तक्रार केली होती.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "आपण अजूनही वाजवता?"

मी उभा राहिलो. "रोज. आज सकाळीही!"

कोर्टात हशा पिकला. शशिकांतराव खाली पाहत राहिले.

जागा रिक्त झाली. कायदा एका मताने पडला. पुढच्या आठवड्यात युनियनने त्यांचे सभासदत्व रद्द केले. कार्ड परत घ्यायला टेबलाशी एक सफाई कामगार बाई बसली होती. तिने हात पुढे केला, आणि शशिकांतरावांनी आपले कार्ड त्या हातावर ठेवले.